काटा

पवईच्या तळघरात, रात्री पावणेदोनला,
काचेच्या पेटीत तेल.
बाकीच्या भिंती गप्प,
वरचा पट्टा तेवढा सरकतो.

अभ्रकाची पूड दाखवते
मधला मोठा भोवरा,
खाली कोपऱ्यांत दोन चिमुकले,
उलटे फिरणारे.
"खाडीत पण असंच," चहा ठेवत हिराजी तांडेल म्हणाला,
"धक्क्याच्या कोनात, ओहोटीला
कचरा माघारी चढतो."

मी काटा वाढवला. काही नाही.
आणखी अर्धा. काही नाही.
मग केसभर
आणि भोवरा थरथरला,
थरथरतच राहिला.

कुणी धक्का दिला नव्हता.
वहीत आकडा लिहिला, खोडला,
तोच पुन्हा लिहिला.
"आता झोप नाही ह्याला," तांडेल म्हणाला.

चहावर तोवर साय धरली होती,
अगदी निश्चल.