सत्राअखेर

मेसच्या फळ्यावर आज नुसते पोहे,
खाली कुणीतरी खडूनं लिहिलंय :
साइन थीटा बरोबर घर.
सबनीस मॅडमनी पाहिलं, पुसलं नाही.

ट्रंक बंद होईना, म्हणून
यास्मिन पिंजारी तिच्यावर बसलीय.
जूनमध्ये दोरावरून सुटली तेव्हा
सोललेले तळवे लपवत
आईला फोनवर फक्त चेहरा दाखवायची.
आता म्हणते, घट्टे दाखवीन,
पण जेवणं झाल्यावर.

देवळालीकडून तोफांचा सराव.
काच थरथरते, आम्ही दचकत नाही.
वृषाली हिरमुसते :
चमक दिसली असती
तर अंतर काढलं असतं.

माझं गुणपत्रक
बुटात, घडी करून.
गणितात सात गुण कमी.
बाबा निफाडच्या स्टँडवर विचारतील, जमतंय ना?
काय सांगू त्यांना?
की साडेचारला
कुणी न उठवता उठते मी,
आणि गटचर्चेत दुसरीचं बोलणं
संपेपर्यंत गप्प राहते.
याला रकाना नाही.

गेटवर कदम उस्ताद म्हणाले,
सावधान पुरे आता, निघा.
तरी रिक्षापर्यंत
आम्ही पाऊल मिळवूनच गेलो.
यास्मिनचं चुकलं,
नेहमीसारखं.