उष्टा दोरा

डाव्या हाताची मधली तीन बोटं
आता माझी राहिली नाहीत.
चाळीस वर्षं सुईनं टोचली पोटासाठी,
गेली सहा वर्षं टोचतोय साखरेसाठी.
टोकं अशी घट्टावलीत
की रक्तसुद्धा वर यायचा कंटाळा करतं.
दाबून दाबून काढावं लागतं,
गिऱ्हाइकाकडून उधारी काढावी तसं.

म्हणून गोडोलीच्या दवाखान्यातल्या पोरीनं,
अर्पिता तिचं नाव, कोरेगावकडची,
मंगळवारी विचारलं,
'काका, थुंकाल का?'

मी आधी दाराकडं बघितलं.
जन्मभर वाचत आलोय, येथे थुंकू नये.
जिन्यात, एसटी स्टँडवर, कोर्टाच्या कोपऱ्यात.
आणि ही झाकणाची नळी पुढं धरून
मागतेय,
तीर्थ घ्यायला ओंजळ करावी तशी.

'लाळेतनं साखर कळते का, बघतोय आम्ही.
अजून पक्कं नाही हं.
शंभर जणांची रक्ताशी ताडून बघायची.
तुमचा नंबर एकेचाळीस.'

चूळ भरली. तंबाखूची पुडी टेबलावर काढून ठेवली,
फौजदारापुढं ठेवावी तशी.
दहा मिनिटं गप्प बसलो.
तोंड कोरडं ठणठणीत.
हा आजार लघवीला पाठवतो रात्रभर
आणि जिभेवर थेंब ठेवत नाही.

'चिंच आठवा,' ती म्हणाली.
आठवली. शाळेमागची, गाभुळलेली, मीठ लावून.
काही नाही.
'कैरी?'
काही नाही.

मग का कोण जाणे, इंदू आठवली.
चिमणपुऱ्यातलं दुकान, संध्याकाळचे सात,
वीज गेलेली,
आणि मला सुईचं नाक दिसेनासं झालेलं, पहिल्यांदाच.
ती काही बोलली नाही.
दोरा ओठांत धरला, जिभेनं टोक ओलं केलं, वळलं,
एका फटक्यात ओवून सुई हातात दिली.
तो इंचभर ओला दोरा
मी तिच्यादेखत कुणाच्या तरी पोलक्यात घालून टाकला.
तेव्हापासून ओवते तीच.
साताऱ्यातल्या किती बायका
तिचं उष्टं अंगावर घालून लग्नांना मिरवल्या असतील.

नळी भरली. रेघेपर्यंत.

मग बोट. ते काही सुटलं नाही.
रक्त म्हणालं, एकशे अठ्ठ्याहत्तर.
लाळेच्या पट्टीचा रंग मात्र
शेवटच्या चौकोनाच्याही पुढं गेला.
अर्पितानं पट्टी उजेडात धरली.
'काका, सकाळी काय खाल्लं?'
'भाकरी. कारल्याची भाजी.'
'आणि?'

जीभ गप्प.
एवढी वर्षं माझ्या बाजूनं बोलत आली ती:
उद्या नक्की, काजंबटणं तेवढी राहिलीत.
छे हो, गोडाचा वाससुद्धा घेत नाही.
आणि तिच्याच बुडातलं पाणी
भर दवाखान्यात उलटलं.

कवळी काढली.
आतल्या बाजूला, टाळूच्या खोबणीत
कंदी पेढ्याचा कण.
भाजक्या खव्याचा, तपकिरी, मोहरीएवढा.
निकमांची नात बारावी पास झाली होती.
अर्धाच घेतला होता.
खरंच अर्धा.

पोर हसली नाही, हे तिचे उपकार.
वहीत लिहिलं: एकेचाळीस, नमुना बाद.
'शुक्रवारी या. उपाशी. कवळी घरी ठेवून.'

दुकानात आलो, दिवा लावला.
निकमांच्याच नातीचा ड्रेस, शुक्रवारचाच वायदा.
दोरा तोंडात धरला, ओला केला,
सुईचं नाक चुकलं. पुन्हा चुकलं.
'साखर काय म्हणाली?' इंदू आतून.
'मशिन बिघडलंय त्यांचं.'

ती पदराला हात पुसत आली.
माझ्या हातातनं सुई घेतली, दोरा घेतला,
टोक सवयीनं ओठांत धरलं,
आणि थांबली.

'पेढा होता,' म्हणाली.
आणि ओवून दिला.