तीन दगड

म्हसवड सोडलं तेव्हा आईनं
चुलीचे तीन दगड गोणपाटात बांधले.
बयाजीकाका हसले,
ग्वाल्हेरात दगड मिळत नाहीत व्हय?
अख्खा किल्ला उभाय की दगडावर.

किल्ला दिसला, कागदावर अंगठा उठवायला गेलो तेव्हा.
मग उलट्या गाडीनं डबरा,
डबऱ्यापुढं बैलगाडी,
आणि पुढं नुसती जमीन.
चढ नाही, उतार नाही.
आईनं दोन दिवस डोंगर शोधला.
म्हणाली, सूर्यानं बुडायचं तरी कुठं?
असाच पडणार काय हा उघड्यावर?

साखळीवाल्या कारकुनानं खुंटी ठोकली,
इथपासून तिथवर तुमचं.
तिथवर म्हणजे पुरुषभर कांस,
पांढरे तुरे, वाऱ्यानं एका अंगावर निजलेले.
अण्णांनी एक जुडी उपटायला घेतली
तर मूळ खाली, अजून खाली,
हात दंडापर्यंत मातीत गेला
आणि मूळ तुटलं. म्हणजे उरलं.

हरभरा आला त्यावर नीलगायी आल्या.
मी माचाणावर डबा बडवायचो,
घसा फुटेस्तोवर ओरडायचो.
त्या मान वर करून बघायच्या, परत चरायच्या.
पल्याडच्या गावची रामकली म्हणाली,
काए लला, ऐसें नईं भगत,
आणि तिनं नरड्यातून असा काही आवाज काढला
की पिकासकट मीही दचकलो.

त्याच थंडीत हिवताप.
शेवंता तीन वर्षांची होती.
खड्डा पटकन झाला, माती मऊच इथली.
पण कोल्हे उकरतात.
वर ठेवायला दगड हवा
आणि दगड कोसभर नाही.
आई काही न बोलता घरात गेली,
तिनं चूल मोडली,
काळा झालेला एक दगड पदरात धरून आणला.
अजून ऊन होता.

तिसऱ्या बाजूला रामकलीनं
इथल्याच मातीचा गोळा थापून दिला.
तवा जरा कलतो.
भाकरी एका कडेला करपते.

दोन वर्षांनी काकांचं पत्र आलं,
ते केव्हाच परतले होते.
इकडं पाऊस बरा झालाय. या माघारी.
अण्णांनी दोनदा वाचून दाखवलं.
आई पीठ मळत होती.
तिनं विचारलं, दगड किती न्यायचे?

अण्णांनी पत्र आढ्याला खोचलं.
रात्री कालव्याची पाळी आमची होती.
कंदील घेऊन दोघंही गेली.
मी दारातून बघत राहिलो,
सपाटीवर उजेड फार लांबवर दिसतो.