तीस मीटरवरून

मान खाली घातली मी एकतीस वर्षं.
शरमेनं नव्हे;
खाली जहाज होतं.

कोत्काच्या बंदरात, धक्क्यापासून तीस मीटर वर
एक काचेची खोली, तिच्यात एक खुर्ची,
आणि दोन पायांच्या मधोमध पुन्हा काच.
त्या काचेत कागदाची रिळं, पाइनच्या ओल्या फळ्या,
आणि पिवळ्या जाकिटातला आर्वो,
मुंगीएवढा, हातांनी बोलणारा:
डावीकडे. अजून. थोडं. थांब.
मी त्याला टोपीवरून ओळखायचे.
चेहरा पगाराच्या दिवशी दिसायचा.

आता मान वर होत नाही.
मागून कुणी हाक मारली
तर मी सगळीच वळते,
खांद्यांसकट, कमरेसकट, पर्ससकट,
ती क्रेन वळायची तशी: आधी कुरकुर, मग हालचाल.
लोकांना वाटतं, म्हातारी भारी मानी आहे.

घरातल्या वस्तू एकेक करून खाली उतरल्या.
आधी केकचं भांडं, मग कॉफीचा डबा,
मग वेइक्कोचा फोटो.
तो आता फ्रिजशेजारी, माझ्या छातीच्या उंचीवर.
जिवंतपणी एवढा कधी वाकला नव्हता.
केस कापून टाकले.
वेणी घालायला जेवढा हात वर लागतो
तेवढा हात माझ्याकडे उरला नाही.

सान्नी, माझ्या नातीच्या वयाची, व्यायाम शिकवते.
विचारते, दुखणं दहापैकी किती?
पोरी, मला टनांत विचार, मी म्हणते.
ती हसत नाही, लिहून घेते.
तिनं दिलेला लाल रबरी पट्टा
मी वेइक्कोच्या कपाटाच्या मुठीला बांधलाय.
रोज पंधरा वेळा ओढते,
पंधरा वेळा कपाट उघडायला बघतं.

रात्री तीनला ते पाळीवर येतं.
उजव्या कानाखालून निघतं, खांद्यावर टेकतं,
कोपरापर्यंत फेरी मारून परत.
चार उशा बदलल्या, आता टॉवेलची गुंडाळी.
मी उठते, ओटची पिशवी गरम करते.
रात्रपाळीच्या सोबत्याशी बोलावं
तेवढंच आम्ही बोलतो.
बरं व्हायची गोष्ट दोघंही काढत नाही.

मे महिन्यात रानहंस उत्तरेला जातात,
हजारोंनी, आमच्या खाडीवरून.
सगळं गाव वर बघतं.
मी गावाच्या हनुवट्या बघते.

यंदा म्हटलं, पुरे.
लाकडी धक्क्यावर गेले, पर्स उशाला घेतली
आणि सरळ उताणी पडले.

आर्वोनं लांबून पाहिलं. एक्क्याऐंशीचा,
काठी टेकत, राइली, राइली, करत धावला,
म्हणजे त्याला जमतं तितकं.
मेले नाही, म्हटलं. बघतेय.
तो जरा वेळ उभा राहिला,
मग काठी खाली ठेवली
आणि गुडघ्यांना शिव्या देत शेजारी आडवा झाला.

थव्यामागून थवे.
वस्तू खालून कशा दिसतात
ते मला फारसं ठाऊक नाही.
पोटं उजळ असतात, पाय मागे दुमडलेले.

आर्वो म्हणाला, तूही खालून अशीच दिसायचीस.
कशी, पांढऱ्या पोटाची?
नाही, तो म्हणाला. लांब.

ऊन उतरलं, फळ्या गार पडल्या.
उठायचं कसं, हे दोघांनीही
आडवं होण्याआधी ठरवलं नव्हतं.

मी कुशीवर वळले, हातावर, मग गुडघ्यावर,
पाच मिनिटं लागली असतील.
मग त्याच्यासमोर उभी राहून
खांदा परवानगी देईल तेवढाच हात उचलला:
डावीकडे. अजून. थोडं.
थांब, श्वास घे.
आता काठी.

त्याची टोपी पाण्यात पडली होती.
वाकण्याची तयारी
कुणीच दाखवली नाही.