पाच, सहा, सात

फुटबॉल पेठेतल्या पोरांचा होता, शिवण उसवलेला.
जवाहरनगरातल्या ओट्यावर येसाप्पाकाकानं तो उघडून पसरला
तेव्हा मी वहीत कोन मोजत बसले होते.
सोमवारी विद्यापीठात बोलायचं होतं मला,
वक्र अवकाशांची आपसात तुलना, पंचेचाळीस मिनिटं.

"काय मोजालईस?"
"गोळ्यावर त्रिकोण काढला, काका,
तर त्याचे कोन एकशे ऐंशीपेक्षा जास्त भरतात."
"भरणारच की. पोट सुटलंय त्याला."

मग आरीच्या टोकानं दाखवलं.
सहाकोनी तुकड्याला सहाकोनी तुकडं शिवत ऱ्हा,
दिवसभर शिवत ऱ्हा, चादर हुती,
बॉल हुईत न्हाई.
मधी एक पाचकोनी घाल,
एक कड कमी पडली की कातडं आत ओढून घेतंय, वाटीगत.
आन चुकून सातकोनी आला तर?

त्यानं फळीखालून खोगीर ओढलं,
वरातीला घोडी देणाऱ्या बाबालाल मुजावराचं,
घोडी गेल्यावर न्यायला कुणी आलंच नाही.
"हितं बघ. कातडं जास्त झालं.
जास्तीचं जायचं कुठं?
फुडं-मागं वर चढतंय, दोन्ही बगलंला खाली उतरतंय."

मी वहीत लिहिलं: धन, शून्य, ऋण.
तो म्हणाला: पोट, पाट, पाठ.

"एका बॉलात पाचकोनी किती?"
विचारलं मी, परीक्षा घेतल्यागत.
"बारा. मोठा कर, बारका कर,
सहाकोनी घाल हवं तेवढं. बारा."

मला बाराची सिद्धता येते, दीड पानाची.
त्याला बारा येतात.

आणि ट्यूब शिवायची म्हटली, ट्रकच्या चाकाची?
ह्यावर गप्प झाला. कधी शिवली नव्हती.
मग हवेतच शिवू लागला,
बाहेरच्या अंगाला पाच, आतल्या अंगाला सात,
ओठ हलत होते, सुई नसलेला हात वरखाली होत होता.
"जेवढं पाच तेवढंच सात लागत्याल," म्हणाला. "फिटंफाट."
पेनाचं टोपण माझ्या दातांतच राहिलं.

एक गोष्ट मात्र त्याला पटेना.
गिरणीचा पट्टा मी सपाट मानते.
"सपाट? गरागरा फिरतोय की डोळ्यादेखत!"
डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला,
चष्मा नुसता कपाळावर असतो,
काम सगळं आंगठ्यावर.
तोच आंगठा धरला आणि पट्ट्यावरून फिरवला.
चुणी नाही. ताण नाही.
कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही.
ज्या चादरीतनं कापला तिच्यासारखाच.
"तिथल्या तिथं चाचपून कळत नाही, काका."
"मग कवा कळतंय?"
"चालत राहिलं, कुठं वळलं नाही,
आणि तरी निघालो तिथंच परत आलो, की."

गिरणीवाले कधी कधी पट्ट्याला एक पीळ देऊन सांधतात,
दोन्ही अंगं सारखी झिजावीत म्हणून,
आणि तेव्हा अंग एकच उरतं.
हे सांगायला तोंड उघडलं,
पण त्याचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे रंकाळ्यागत," म्हणाला.

रोज पहाटे तो रंकाळ्याला फेरी मारतो.
ती फेरी दोरी समजून आवळत गेलं
तर पाण्यात उतरल्याशिवाय लहान होत नाही.
हे माझं वाक्य, सोमवारसाठी राखून ठेवलेलं,
त्याला आधीच सांगून टाकलं.
त्यानं ऐकलं आणि दोऱ्याला मेण लावत बसला,
लागलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त.

भरमा हुबळीला गेला त्याला नऊ वर्षं झाली.
ह्या घरातलं बोलणं फिरून फिरून त्याच्या भोवतीनं जातं,
त्याच्या नावात उतरत नाही.
मीही नाही उतरले.

चार वाजता पोरगं आलं, मॅच होती.
काकानं शेवटचा टाका बाहेरून घातला,
गाठ आत ढकलली, पंप मारला,
आणि बॉल मांडीवर घेऊन
आंगठ्यानं दाबत गेला, सगळीकडून, सावकाश.
"सात न्हाई कुठं," म्हणाला. "जावा, खेळा."