जंगम

पिंपं घडवणारा मी. पण गावात अक्षर माझं बरं,
म्हणून इकॅबॉड ट्रस्क गेल्यावर चौथ्या दिवशी
मोजदादीला मला बोलावलं.
कनेटिकट नदी त्या आठवड्यात थिजून पडली होती.
शाईची दौत मी काखेत धरून ऊब देत बसलो.

डीकन एकेक वस्तू उचलायचा, किंमत सांगायचा.
लोखंडी हंडा, एक पाय तुटका: सहा शिलिंग.
पिसांची गादी, उशा-पांघरुणासकट: अडीच पौंड.
गादीत मधोमध खळगा होता, कुशीवर झोपणाऱ्या माणसाचा.
त्याची किंमत कुणी सांगितली नाही.
मेलेल्याचा चष्मा. डीकनने घालून पाहिला,
म्हणाला, एक शिलिंग,
आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग मृत्युपत्र.
माझी पत्नी मेहिटेबल हिला
पूर्वेकडची खोली, ती विधवा राहील तोवर.
विहिरीपर्यंत जाण्यायेण्याचा हक्क.
पाव भाजायच्या दिवशी भट्टीचा हक्क.
कुंपणालगतच्या दोन झाडांची सफरचंदं,
आणि सरपण, थोरल्याने फोडून दाराशी टाकायचं.
चाळीस वर्षं जी या घरात अंधारातसुद्धा न अडखळता फिरली
तिला चालायच्या वाटा लिहून मिळाल्या.
ओठ मुडपून ऐकत होती. एकदाच म्हणाली,
"आणि जिना?"
मी कागद उलटून पाहिला.
जिन्याचं काही लिहिलेलं नव्हतं.
थोरला खिडकीबाहेर बघत राहिला.

तांबडी गाय लेकीला, हार्टफर्डला.
वासरू दूध तोडेपर्यंत तिच्यापासून हलवू नये.
ट्रस्क जनावरांच्या बाबतीत हळवा, हे सगळं गाव जाणतं.
त्याच्याच खालच्या ओळीत:
झिल्पा, वय तीसच्या आसपास, लेकीला.
तिचा मुलगा क्वाको, वय पाच, थोरल्याला, घराबरोबर.

"पुढे," डीकन म्हणाला.
"कुठल्या रकान्यात?"
"जंगमात. जे हलतं ते जंगम."
झिल्पा चुलीपाशी उभी होती,
आमच्यासाठी ऊन केलेल्या सायडरचा कथलाचा मग हातात
(मग वर लिहून झाला होता, नऊ पेन्स).
हलत नव्हती.
पोर मेजाखाली माझ्या बुटाच्या बकलाशी खेळत होतं.

मी लिहिलं. चाळीस पौंड. अठरा पौंड.
अक्षर नेहमीसारखंच आलं, गोल, सुवाच्य.
निदान एखादा डाग पडता.
पण शाई चांगली ऊबदार होती.

रात्री बायकोने विचारलं, "काय काय निघालं?"
"हंडा. गादी. चष्मा."
"आणि मला काय ठेवशील तू?"
"जिना," मी म्हणालो.
तिला काही कळलं नाही. आमच्या घराला जिनाच नाही.

झिल्पाला त्याच शनिवारी नेलं,
बर्फावरून, घसरगाडीत, मक्याच्या पोत्यांशेजारी.
गाय एप्रिलपर्यंत इथेच होती.
तिच्या गोठ्यावरून जाताना दुधाचा वास यायचा, गोड, कोमट.
मी लांबच्या वाटेने जाऊ लागलो.

क्वाको माळ्यावर निजतो, कांद्यांच्या माळांखाली.
म्हणतात, रात्री तो रडू लागला की
म्हातारी खोलीतून बाहेर येते,
जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी उभी राहते, अनवाणी,
एक हात कठड्यावर.
चढते की नाही, यावर गावात दोन मतं आहेत.

थोरला उद्या कोर्टात गेलाच
तर कागद पुढे करतील.
अक्षर माझंच आहे, नाकारता यायचं नाही.
न्यायाधीश म्हणेल, फार स्वच्छ लिहिलंय,
कुठे म्हणून खाडाखोड नाही.