रुमालाखाली

कळमन्यात पहाटेपासून माझा गळा चालतो.
संत्र्याच्या ढिगावर उभं राहून हर्रास बोलायची:
बावीसशे, बावीसशे, साडेबावीस, तेवीस…
चार ढीग पलीकडचा हमाल मान वर करतो.
एकोणतीस वर्षं. फोनवर मी तसाच बोलतो,
दवाखान्यातही,
देवासमोर हात जोडूनही, असं कुंदा म्हणते.

आणि घरात हा दोन फुटांचा समुद्र.
पिशवीतलं मीठ, फिल्टरचं पाणी,
काचेच्या नळीत मोजून घेतलेलं खारेपण.
एप्रिलात पाणी उडतं, मीठ मागे राहतं,
रोज संध्याकाळी तांब्याभर गोडं पाणी घालतो.
खरा समुद्र इथून कुठूनही लांबच.
एकदाच पाहिला, पुरीला,
चपला हातात धरून.

पौनीकरांच्या तुषारने मासा दिला
तेव्हा पिशवी दिव्याकडे धरली.
डोक्याशी दुधासारखा, मग पिवळसर,
शेपटाशी येता येता संत्रं पुरतं पिकलेलं.
पाठीवर एक उभं पीस, सारखं वर-खाली,
गर्दीतला नवा व्यापारी
हात वर करू की नको, करतो ना, तसं.
"लाजाळू आहे जी, मामा. आवाज नका करू.
अन् झाकण ठेवा, घाबरला का उडी मारते."
मी म्हटलं, "आवाज? मी कुठे आवाज करतो?"
दुकानातले सगळे मासे एकदम वळले.

अकरा दिवस तो दगडाच्या भोकात.
मी म्हटलं, ये रे राजा. ये ना.
अंगठीने काच वाजवली.
टॉर्च मारला. दोनदा दगडच हलवला,
म्हणजे त्याचं घर. हे नंतर कळलं.
टाकलेलं खाणं तळाशी कुजलं,
मी वाकून ते नळीने ओढत बसलो, बडबडत.
"काऊन बोली लावून राहिले जी त्याच्यावर?"
कुंदा म्हणाली, "तो काही विकायला नाही बसला."
आणि माझा बाजारातला रुमाल
तिने टाकीवर पांघरला, तीन बाजूंनी.
दिवाही मालवला.

रुमालाकडे पाहत राहिलो.
माझा बाप हर्रास बोलत नसे.
त्याच्या काळी सौदा रुमालाखाली:
दोन हात आत, बोटं दाबून भाव.
तोंडाने मात्र पोरीचं लग्न, बैलाचं दुखणं,
यंदा मोसम कसा.
त्यात लबाडी होती, बंद झालं, बरंच झालं.
पण बापाचा हात मला आठवतो.
घाई नसायची त्याला.
समोरच्याने बोट मागे घेतलं
की हाही घ्यायचा.

रात्री कूलर बंद केला, कारण तो गरगरतो.
घामाने बनियन पाठीला चिकटलं.
रुमालाखालून हात आत,
ड्रॉपरच्या टोकावर कोळंबीचा एक कण.
भोकाच्या तोंडाशी सोडला.
काही नाही.
दुसरा सोडला. एक डोळा दिसला.
मी हात बोटभर मागे घेतला.
तो बोटभर पुढे आला.
मी थांबलो, तो आत.
पुन्हा पहिल्यापासून.

त्या रात्री सौदा मोडला. पुढच्या दोन्ही रात्री मोडला.
हात मनगटापर्यंत सुरकुतला,
मिठाने जुनी चीर झोंबली.
इतका वेळ गप्प
मी लग्नात पाहुण्यांसमोरही नव्हतो.

चौथ्या रात्री दुधाचा भाग बाहेर,
संत्रं अजून आत.
पीस उभं राहिलं आणि खाली गेलंच नाही.
माझ्या गळ्याशी आलं: एक वार.
ओठांत आलं: दोन वार.
पुढचं म्हटलं नाही.
तो कण त्याने गिळला, आणखी एक गिळला,
आणि मागेही न वळता
उलटाच सरकत घरात गेला.

सकाळी ढिगावर उभा राहिलो तर
पहिला भाव इतका हळू निघाला
की हमाल म्हणाला, "सर्दी झाली का जी?"
मी मान हलवली.
कशी हलवली, हो की नाही,
ते त्याला कळलं नाही.